मामा, जरा दारापर्यंत घ्या

शेवगावात पैठण रस्त्याला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक लिंबाचं झाड आहे. शाळेने छापून दिलेल्या कागदाप्रमाणे सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पिवळी बस या लिंबाखाली थांबते. कागद खोटं बोलत नाही, बस थांबते. फक्त लिंबाच्या अलीकडे ती चार ठिकाणी थांबून आलेली असते आणि पलीकडे तीन ठिकाणी थांबणार असते. हे सगळं अंतर मिळून एवढं, की एका टोकाच्या घरात मिरचीची फोडणी पडली तर दुसऱ्या टोकाला ठसका लागतो.

याला इतिहास आहे. पहिल्या वर्षी थांबा एकच होता, लिंब. जूनच्या चिखलात एका वहिनींचा पाय मुरगळला. त्या म्हणाल्या, "मामा, आठ दिवस जरा दारापर्यंत घ्या." मामा म्हणजे ड्रायव्हर. शाळेच्या बसचा ड्रायव्हर हा मामा असतो आणि मुलांना चढवणारी-उतरवणारी बाई मावशी असते. पोरांचं आजोळच सकाळी पिवळ्या रंगात दारात येतं म्हणा. तर मामांनी गाडी दारापर्यंत घेतली. पाय आठ दिवसांत बरा झाला, थांबा कायम झाला. मग शेजारच्या घराला प्रश्न पडला, त्यांच्या दारात थांबते तर आमच्या दारात काय काटे पेरलेत? त्याच्या शेजारच्याला वाटलं, आपण बोललो नाही म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही. असं करत करत बस एका निवृत्त गुरुजींच्या दारातही थांबू लागली. गुरुजींच्या घरात शाळेत जाणारं कोणी नाही. पण लिंबाखालच्या टपरीवरचा पेपर मावशी त्यांना जाता जाता देतात.

आमच्या दारात थांबते का, असं कोणी विचारण्याआधी सांगून टाकतो. थांबते. मागणी मी केली नव्हती, बायकोने केली. मी फक्त विरोध केला नाही.

आता गंमत अशी की या सगळ्या थांब्यांवरच्या पालकांची बसबद्दल एकच तक्रार आहे: एवढा वेळ का लागतो?

पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी पावणेसातला तो जागा होतो. "बस आली का?" "आली." "कुठे?" "गेली." एवढ्या संवादात एखाद्या आईच्या हातून पोळी करपते. त्यानंतर कोणीतरी सुविचार टाकतो, कोणीतरी त्याला हात जोडतो आणि मूळ माहिती चाळीस फुलांच्या खाली गाडली जाते. ग्रुपवर महिन्यातून एकदा सुरक्षिततेचा विषय निघतो. कुठल्या तरी परगावच्या बसचा व्हिडिओ येतो. तो कधीचा, कुठला, हे कोणी विचारत नाही. दोन दिवस सगळे हादरलेले असतात. जीपीएस पाहिजे, कॅमेरे पाहिजेत, बसमध्ये लेडीज अटेंडंट पाहिजे (मावशी तीन वर्षांपासून आहेत), असे ठराव होतात. तिसऱ्या दिवशी शाळेकडून निरोप येतो, या सोयींसाठी महिन्याला दोनशे रुपये वाढ करावी लागेल. ग्रुप शांत होतो. एवढा शांत, की सुविचारसुद्धा येत नाही.

आमच्या तालुक्यातल्या लोकांनी शेअर मार्केटच्या नावाखाली महिन्याला दहा-बारा टक्के देतो म्हणणाऱ्यांना, साधी पावती न घेता लाखो रुपये दिले. ते दुकान बसल्यावर २०२४ मध्ये राज्यभरच्या पेपरांत आमचं नाव झालं. तीच आम्ही माणसं बसच्या दोनशे रुपयांचा हिशोब डिझेलच्या लिटरपासून मागतो.

भाड्यानंतरचं दुसरं भांडण रूटचं. बस आधी कुठून भरायची? जो पहिला चढतो त्याचं पोर पाऊण तास फिरतं, जो शेवटी चढतो त्याचं दहा मिनिटांत शाळेत. यावर एका बैठकीत जे झालं ते बाहेरगावच्या माणसाला समजणार नाही, पण शेवगावकराला चटकन समजेल. मुळा धरणाचा उजवा कालवा आमच्याकडे येईस्तोवर दमलेला असतो. आमचा तालुका त्याच्या शेपटाशी. आवर्तन सुटलं की हेडवाले आधी भिजवून घेतात आणि टेलवाला मोटारीकडे बघत बसतो. दोन पिढ्या हे भांडण भांडल्यामुळे आमच्यात त्याचं तयार शास्त्र आहे. बैठकीत एक कापूसवाले शेठ उभे राहिले आणि म्हणाले, "नियम टेल टू हेड आहे. आमचा भाग टेलला आहे. गाडी आधी टेलला आली पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांच्या दारात हॉर्न वाजला तेव्हा शेठच्या लक्षात आलं, की पाणी आधी मिळणं आणि बस आधी येणं यात फरक आहे. आठ दिवसांनी त्यांनी हेड टू टेलचा अर्ज दिला.

त्याच बैठकीत मी एक चूक केली. प्रश्न विचारला. आपल्याकडे प्रश्नाचं उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारणाऱ्याला कमिटीवर घेणं सोपं पडतं. मी विचारलं होतं, "आपल्या शाळेची परिवहन समिती आहे का?" मुख्याध्यापक प्रसन्न हसले आणि म्हणाले, "आता आहे."

महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बसगाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत प्रत्येक शाळेत अशी समिती असावी असं लिहिलं आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी, पोलीस, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा माणूस, बस चालवणाऱ्यांचा प्रतिनिधी अशा सगळ्या मंडळींनी तीन महिन्यांतून एकदा तरी एकत्र बसावं. कागदावर ही समिती पाहिली तर वाटतं, जिल्ह्याचं मंत्रिमंडळच आहे. आमच्या पहिल्या बैठकीला मुख्याध्यापक, मी, मामा आणि चहा आणणारा शिपाई एवढे हजर होतो. बाकीच्यांना निरोप गेले होते. निरोप पोचल्याचेही निरोप आले होते.

आम्ही गाडी तपासायला गेलो. नियमांचा कागद माझ्या हातात, गाडीच्या किल्ल्या मामांच्या हातात.

"अग्निशामक?"

"आहे ना." मामांनी सीटखाली बोट दाखवलं. लाल नळकांडं होतं. पण ते सीटच्या पायाला पट्टीने, आणि पट्टी नटबोल्टने अशी आवळलेली, की काढायला बारा नंबरचा पाना लागला असता.

"मामा, आग लागली तर?"

"सर, आग अजून लागली नाही. पोरं रोज हात लावतात."

हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. पाना कुठे ठेवायचा यावर आम्ही दहा मिनिटं बोललो आणि शेवटी बोल्टऐवजी हाताने सुटणारी कडी बसवायची, असा समितीचा पहिला ठराव झाला. कडी आठवड्यात बसली. माझ्या सार्वजनिक जीवनातलं हे एकमेव पूर्ण झालेलं काम.

"प्रथमोपचार पेटी?"

पेटी निघाली. पांढरी, वर तांबडी फुली. आत एक कंगवा, दोन रबरबँड, ज्येष्ठमधाच्या कांड्या, ओव्याची पुडी आणि कोणाच्या तरी दुधाच्या दाताची कागदात गुंडाळलेली पुडी. दात मावशींनी जपून ठेवला होता, कारण पोराने सांगितलं होतं की घरी न्यायचाय आणि मग विसरला. मलमपट्टी, कापूस, डेटॉल मावशींच्या पिशवीत होतं. "पेटीत ठिवलं तर सापडत नाही," मावशी म्हणाल्या. मी कागदावर पेटीपुढे बरोबरची खूण करावी की फुली, यात अडकलो. शेवटी पेटीसमोर फुली आणि मावशींसमोर खूण केली. मावशींसाठी कागदात रकाना नव्हता, तो मी हाताने आखला.

खिडक्यांना आडवे गज होते. दाराची कडी नीट लागत होती. गाडीवर शाळेचं नाव आणि फोन होता. तो फोन मी तिथेच लावून पाहिला. मुख्याध्यापकांच्या खिशात वाजला. त्यांनी तो घेतलाही आणि "बोला" म्हणाले. मी समोर उभा राहून बोललो.

हसू आलं तरी या कागदातल्या ओळी हौस म्हणून लिहिलेल्या नाहीत. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. दोनच दिवसांनी आणि पुन्हा डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी आदेश दिले. गजांच्या खिडक्या, पेटी, अग्निशामक, दाराची पक्की कडी, मुलांसोबत माणूस, निदान पाच वर्षं अवजड गाडी चालवलेला ड्रायव्हर, हे सगळं आपल्याकडे तिथून आलं. हे वाचल्यापासून मी त्या ओव्याच्या पुडीला फार हसत नाही.

पिवळ्या रंगाची गोष्ट त्या मानाने सुखाची आहे. अमेरिकेत फ्रँक सायर नावाचे प्राध्यापक होते. शाळेच्या गाड्यांचा अभ्यास करताना त्यांना कॅन्ससमध्ये पोरं गव्हाच्या घोडागाडीतून शाळेत जाताना दिसली, आणि एका ठिकाणी तर मुलांच्या अंगात देशप्रेम बाणावं म्हणून बसला झेंड्याचे तिन्ही रंग दिलेले होते. देशप्रेम बाणलं का माहीत नाही, पण गाडी लांबून दिसत नव्हती. १९३९ मध्ये सायर यांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात सात दिवसांची परिषद भरवली. गाड्या बनवणारे, रंग बनवणारे, शिक्षण खात्याचे लोक बोलावले. भिंतीवर लिंबोणी पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत रंगांच्या पट्ट्या लावल्या आणि त्यातून एक पिवळा निवडला. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही त्याच्यावरची काळी अक्षरं वाचता येतात. सात दिवसांत ४४ निकष ठरले. आमच्या समितीत अग्निशामकाच्या एका बोल्टाला एक दुपार गेली. त्या हिशोबाने आम्ही फार मागे नाही.

तिकडे पिवळी बस थांबली, तिचे लाल दिवे लागले आणि अंगचा "थांबा"चा फलक बाहेर आला, की मागचीच काय, बहुतेक रस्त्यांवर समोरून येणारी गाडीसुद्धा उभी राहते. पोर रस्ता ओलांडेपर्यंत सगळे गप्प. एक मावसभाऊ तिकडे आहे, त्याने हे सांगितलं तेव्हा मी शेवगावचा क्रांती चौक डोळ्यांपुढे आणला. आमच्याकडे पिवळी बस थांबली की मागच्यांना एकच अर्थ कळतो: वाट मोकळी होतेय, घुसा. उजवीकडून जीप जाते, तिच्या उजवीकडून बुलेट जाते. त्यात नवल नाही. नवल डावीकडून जाणाऱ्या दुधवाल्याचं. बसचं दार डावीकडे, पोरं उतरतात डावीकडे, आणि बस नि गटार यांच्यामधल्या दीड हातातून दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली मोटारसायकल सरळ निघून जाते. जाताना तो पोरांवरच ओरडतो, "बघून उतरा की रे!"

आमच्या पिढीला हे सगळं सुरक्षिततेचं प्रकरण जरा नाजूकच वाटतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली ती नगर-पुणे मार्गावर, म्हणजे एसटी ही आमच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची लेक. तिच्या अंगाखांद्यावर आम्ही वाढलो. गावाहून शेवगावला शाळेत यायचो तेव्हा गाडी स्टँडवर पुरती उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमालावर कोणी बसलं तर भांडायचं. रुमाल नसला तर दप्तर टाकायचं, आणि दप्तरही जड असलं तर दोघांनी उचलून धाकट्या भावालाच आत सोडायचं. भाऊ सीटवर आडवा पडून चौघांची जागा धरायचा. आज तो तलाठी आहे. जागेच्या बाबतीतला त्याचा दांडगा अनुभव तिथूनचा.

म्हणून सुरक्षिततेचा विषय निघाला की टपरीवर एक वाक्य हमखास येतं, "आम्ही टपावर बसून शाळा केली, आम्हाला काय झालं?" या वाक्यात मोठी सोय आहे. ज्यांना काही झालं ते टपरीवर चहाला येत नाहीत.

हेच वाक्य बोलणाऱ्या एका गृहस्थांनी (माझे शेजारी, बँकेत आहेत, नाव सांगत नाही, रोज तोंड बघायचंय) गेल्या वर्षी बसमध्ये सीटबेल्ट पाहिजेत म्हणून अर्ज दिला. अर्ज योग्य होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी बस बंद पडली. साहेबांनी मोटारसायकल काढली. टाकीवर धाकटा, मागे थोरली, तिच्यामागे माझा मुलगा, दोन दप्तरं हँडलला, तिसरं साहेबांच्या गळ्यात. मान वाकडी, कारण खांद्यात फोन. फोनवर ते शाळेला सांगत होते, "हे पाहा, पोरांच्या सेफ्टीशी खेळ मी खपवून घेणार नाही." चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर त्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. साहेबांचा धाकटा सव्वातीन वर्षांचा. पण साहेब म्हणाले, तो काही विद्यार्थी म्हणून बसला नव्हता, फक्त चक्कर मारायला आला होता.

आणि माझा मुलगा त्या गाडीवर काय करत होता? मी बसवला होता. "साहेब, जाताच आहात तर याला घ्या," हे वाक्य माझंच.

दिवाळी झाली की आमच्या रस्त्यांना ऊस येतो. भेंड्याला कारखाना, बोधेगावला कारखाना, नजीक बाभूळगावच्या बाजूला कारखाना, आदिनाथनगर हाकेवर. मधल्या सगळ्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, त्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही, पुढच्या ट्रॅक्टरवर मात्र आख्खा ऑर्केस्ट्रा असतो. गाण्यावरून ड्रायव्हरची मनःस्थिती ओळखायची आणि तिच्यावरून ओव्हरटेक करायचा की नाही ते ठरवायचं, ही मामांची विद्या. "सर, लावणी चालू असली तर मागंच राह्यचं. भक्तिगीत असलं तर तो झोपायला आलेला असतो, मग तर आजिबात जायचं नाही." मग जायचं कधी? "तो चहाला थांबल्यावर."

म्हणजे उसाच्या हंगामात बस शाळेत उशिरा पोचते. पालक मामांवर चिडतात. मी समिती सदस्य या नात्याने एकदा विचारलंच, की थोडी चलाखी दाखवता येणार नाही का. मामा म्हणाले, "येईल ना. कोणाचं पोर बसमध्ये असताना दाखवू?"

पोरांना मात्र हा हंगाम म्हणजे सण. खिडकीचे आडवे गज उसाच्या मापानेच लावले असावेत असं वाटतं. ट्रॉली शेजारी उभी राहिली की कांडं बरोबर आत येतं. मावशींनी यावर खिडकीकडची जागा पहिली-दुसरीच्या पोरांना देऊन टाकली, त्यांचा हात पुरत नाही. खरा जीव खालीवर होतो तो बसमधून उतरल्यावर. मोठी पोरं चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढतात. आपणही ओढलेला असतो, त्यामुळे रागावताना आवाजाला जोर येत नाही.

कधी कधी बस आणि उसाची टायरगाडी आमनेसामने उभ्या राहतात. गाडीवर उसाच्या ढिगावर तोडणीवाल्यांची दोन पोरं बसलेली असतात, आमच्याच पोरांच्या वयाची, बसच्या छतापेक्षा उंच. ती हात हलवतात. बसमधली हात हलवतात. कोणत्या समितीच्या कोणत्या रकान्यात ती पोरं येतात, ते मी शोधलं नाही. माझ्याकडच्या कागदात तरी ती नाहीत.

आता मूळ गोष्टीवर येतो, जी इतका वेळ टाळत होतो.

सकाळी बस पैठणच्या बाजूने येते, म्हणजे आमच्या घरांच्या बाजूने. पोरं दारातून निघून दारात चढतात. दुपारी ती शाळेकडून परत येते तेव्हा रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभी राहते. आठ थांबे सकाळचे, दुपारी सगळ्यांना एकच जागा, लिंबासमोर. टपरी लिंबाखाली, म्हणजे आमच्या बाजूला. आणि टपरीवर चहा असतो, त्यामुळे बापही आमच्याच बाजूला असतात. आया सावली बघून उभ्या राहतात, सावलीही लिंबाचीच, आमच्याच बाजूला. म्हणजे रोज दुपारी पोरं पलीकडे उतरतात, मायबाप अलीकडे उभे असतात आणि मधून पैठणचा रस्ता वाहत असतो.

मग हाका सुरू होतात. "ये रे, ये, पळ!" "ताई, इकडं बघ, इकडं!" "कोणी नाही, ये पटकन!" आईची हाक ऐकल्यावर पोर डावीकडे बघत नाही, उजवीकडे बघत नाही, आईकडे बघतं. आणि बसच्या पुढून पळत निघालेलं साडेतीन फुटांचं पोर मामांना उंच काचेतून दिसत नाही, मागून बसला वळसा घालून येणाऱ्याला तर नाहीच नाही. बसमध्ये पेटी आहे, गज आहेत, कडी आहे, मावशी आहेत. त्या सगळ्यातून सुखरूप उतरलेलं पोर शेवटच्या वीस पावलांत आपणच ओढून घेतो.

त्या दिवशी माझ्या हातात कटिंग होता. दुसऱ्या हाताने मी मुलाला खूण केली आणि म्हणालो, "ये, पळत ये." तो पळाला. बसला ओलांडून दुधवाला आला. त्याने पाय घासले, ब्रेक दाबला, मोटारसायकल आडवी झाली आणि दोन कॅन रस्त्यावर घरंगळत माझ्या पायाशी आले. मुलगा मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर उभा. त्याला खरचटलंसुद्धा नाही. दुधवाल्याचा गुडघा फुटला आणि वीस लिटर दूध गेलं. तो मला काही बोलला नाही. आधी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कॅन उचलायला लागला. मी त्याला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होतो. त्या दिवशी त्याचा वेग तीसच्या वर नव्हता. दुधाचे पैसे दिले. त्याने आधी नको म्हटलं, मग घेतले.

टपरीवर शांतता होती. कोणीही म्हणालं नाही, आम्हाला काय झालं.

मावशी बसमधून खाली उतरल्या, रस्ता ओलांडून आल्या, मुलाला माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दादा, पोरगं पळत नाही. तुम्ही पळवता." बस. परत जाऊन बसमध्ये बसल्या आणि बाकीची पोरं मोजायला लागल्या. त्या पोरं डोक्यावरून मोजत नाहीत, पाण्याच्या बाटल्यांवरून मोजतात. बाटली आहे आणि पोर नाही, म्हणजे सीटखाली झोपलंय. शेवटच्या थांब्यानंतर त्या रोज मागच्या सीटपर्यंत चालत जातात, खाली वाकून बघतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. २०११ चे नियम त्यांनी वाचलेले नाहीत. मी वाचलेत, दोनदा.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने पुन्हा टपरीजवळ उभा. बस आली. मुलगा पायरीवर उभा राहिला, उतरेना. मावशी त्याच्यामागे. मी हात हलवला. तो तिथूनच ओरडला, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा: "पप्पा, तुम्ही इकडं या! मी येत नाही!"

मी गेलो. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच तो रस्ता मी असा ओलांडला असेन. त्याचा हात धरला, बसच्या पुढे दहा पावलं गेलो, मामांना आमची तोंडं दिसली, त्यांनी मान हलवली, मग आम्ही आलो.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी एकच ठराव मांडला: दुपारी पालकांनी पलीकडे उभं राहायचं. मुख्याध्यापकांनी तो एकमताने मंजूर केला, कारण हजर आम्ही दोघंच होतो. ग्रुपवर टाकला. चौदा जणांनी हात जोडले. अंमलबजावणी मात्र झाली नाही. पलीकडे ऊन होतं.

मग टपरीवाल्याला विचारलं, चहा पलीकडे पाठवशील का. तो म्हणाला, "पाठवतो की, कप परत आणून द्या." आठ दिवसांत पलीकडे सहा बाप आणि चार आया झाल्या. बँकेतले साहेब शेवटी आले, छत्री घेऊन.

सकाळचे आठ थांबे अजून तसेच आहेत. त्याला मी हात घातलेला नाही, बायकोशी बोलायचं राहिलंय. पण दुपारी पावणेदोनला तुम्ही पैठण रस्त्याने जात असाल आणि पिवळी बस उभी दिसली, तर तिच्या मागेच थांबा. मुलांना न्यायला आला असाल तर पलीकडे या. चहा मी सांगून ठेवतो.